परदेशी कर्जातून येणारी वीज : वीजजाळ्याच्या सवलतीच्या कर्जाचे कागद कसे तपासावेत

वीजजाळे मजबूत करण्यासाठी आशियाई विकास बँकेने, जागतिक बँकेने किंवा जर्मनी-जपानच्या वित्तसंस्थेने अमुक कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर केले, अशी बातमी अधूनमधून येत असते. ती वाचून मराठवाड्यातील औसा, गेवराई किंवा जिंतूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या मनात दोनच प्रश्न येतात : आपल्या फीडरवर त्यातले काही होणार आहे का, आणि हे कर्ज शेवटी फेडणार कोण? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात, कारण कर्ज देणाऱ्या बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांना आपले प्रकल्प-कागद जाहीर करावेच लागतात. देशातील वित्तसंस्थांच्या कर्जातून होणाऱ्या कामांचे इतके तपशीलवार कागद सामान्य नागरिकाच्या हाती क्वचितच लागतात. म्हणून परदेशी कर्ज ही माझ्या मते केवळ निधीची बाब नसून देखरेखीची दुर्मीळ संधीही आहे, आणि ती आपल्या भागात फार कमी वापरली जाते.

सरपंच, वीज ग्राहकांसाठी काम करणारे कार्यकर्ते, तालुका पातळीवरचे पत्रकार आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. व्याजाचा दर पाहून कोणतेही कर्ज स्वस्त म्हणू नये, हे यातून प्रामुख्याने सांगायचे आहे. ते किती वर्षांत फेडायचे, कोणत्या चलनात फेडायचे आणि मुद्दलाचा पहिला हप्ता येण्याआधी उपकेंद्र प्रत्यक्ष सुरू होते की नाही, या तीन गोष्टींवर त्याचा स्वस्तपणा ठरतो.

कर्ज खरोखर सवलतीचे आहे का

आपल्याकडे सोसायटीचे पीककर्ज घेणाऱ्याला सवलतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत भरले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येते. परतफेडीची तारीख हुकली की सवलत गेली आणि नेहमीचे व्याज लागले. म्हणजे सवलत ही दर, मुदत आणि शिस्त या तिन्हींची मिळून बनलेली असते. आंतरराष्ट्रीय कर्जातही तसेच आहे, फक्त तिथे सवलत मोजण्याची एक ठरलेली रीत आहे. कर्जाचे पुढचे सगळे हप्ते आजच्या किमतीत आणायचे, त्यांची बेरीज मिळालेल्या रकमेतून वजा करायची, आणि जो फरक उरतो तो रकमेच्या किती टक्के आहे हे पाहायचे. या टक्केवारीला अनुदानांश म्हणू या, कारण कर्जातला तेवढा भाग देणाऱ्याने जणू दान केलेला असतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ५ टक्के वटाव दर (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणण्याचा दर) धरून किमान ३५ टक्के अनुदानांश असलेल्या कर्जालाच सवलतीचे मानतो.

हा हिशेब कागद-पेन्सिलीने किंवा संगणकावरच्या एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतो. समजा, कर्जाची मुदत २० वर्षे आहे, पहिली ५ वर्षे फक्त व्याज द्यायचे आहे आणि नंतरची १५ वर्षे मुद्दलाचे समान वार्षिक हप्ते आहेत. शंभर रुपयांच्या कर्जात सहाव्या ते विसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ६ रुपये ६७ पैसे मुद्दल जाईल. प्रत्येक हप्त्याला १.०५ च्या तितक्याव्या घाताने भागले, म्हणजे सहाव्या वर्षाच्या हप्त्याला १.०५ ने सहा वेळा आणि विसाव्या वर्षाच्या हप्त्याला वीस वेळा भागले, आणि सगळ्यांची बेरीज केली की मुद्दलाचे आजचे मूल्य सुमारे ५४ रुपये येते. शंभरातून ते वजा केले की ४६ उरतात. व्याजदर २ टक्के असेल तर तो ५ टक्क्यांच्या दोन पंचमांश आहे, म्हणून ४६ चे उरलेले तीन पंचमांश घ्यायचे. उत्तर साधारण २७ ते २८ टक्के येते. म्हणजे दोन टक्के व्याजाचे, वीस वर्षांचे कर्ज ऐकायला कितीही गोड वाटले तरी नाणेनिधीच्या व्याख्येत ते सवलतीचे ठरत नाही. हेच कर्ज एक टक्क्याने मिळाले तर अनुदानांश सुमारे ३७ टक्के होतो आणि ते व्याख्येत बसते.

आता याच मापाने जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय विकास संघटनेचे, म्हणजे आयडीएचे, नेहमीचे कर्ज मोजून पाहावे. मुदत ३८ वर्षे, त्यातली ६ वर्षे मुद्दल नाही, आणि सेवाशुल्क ०.७५ टक्के. अनुदानांश ५३ टक्क्यांच्या पुढे जातो. गरीब देशांची वीजजाळी मुख्यतः अशा पैशातून उभी राहतात. इथिओपिया आणि केनिया यांना जोडणारी, सुमारे १,०४५ किलोमीटर लांबीची, ५०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची थेट प्रवाहाची वाहिनी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिच्यासाठी आयडीएने २०१२ मध्ये दोन्ही देशांना मिळून ६८.४ कोटी डॉलर मंजूर केले.

भारताला मात्र हे दार आता बंद आहे. एकेकाळी आयडीएचा सर्वात मोठा कर्जदार असलेला आपला देश २०१४ मध्ये तिच्या पात्रतेतून बाहेर पडला, आणि संक्रमणकाळाची मदत २०१७ पर्यंत चालली. आज भारताला जागतिक बँकेकडून मिळते ते आयबीआरडीचे, म्हणजे तिच्या बाजारदराशी जोडलेली कर्जे देणाऱ्या शाखेचे कर्ज, आणि आशियाई विकास बँकेकडून मिळते ते तिच्या सामान्य भांडवली निधीतले कर्ज. दोन्हींचा दर जागतिक बाजाराशी बांधलेला आणि बदलता असतो. पूर्वी तो लायबर या, बँका एकमेकींना ज्या दराने उसने देत त्या दरावर ठरत असे. डॉलरचा लायबर जून २०२३ मध्ये संपला आणि आता सोफर हा अमेरिकेतील एका रात्रीच्या कर्जाचा दर आधार आहे. हा सोफर २०२१ मध्ये जवळजवळ शून्य होता आणि २०२३ च्या मध्यापर्यंत ५ टक्क्यांवर पोचला. याचा अर्थ असा, की २०२० मध्ये मंजुरीची बातमी वाचताना जे कर्ज अत्यंत सवलतीचे भासत होते, त्याचाच अनुदानांश तीन वर्षांत शून्याजवळ आला असेल. बातमीतला ‘सवलतीचे’ हा शब्द वाचला की सर्वप्रथम हे पाहावे : दर स्थिर आहे की बदलता, आणि देणारी संस्था कोणत्या खिडकीतून पैसे देत आहे.

जपान आणि जर्मनी यांची द्विपक्षीय कर्जे वेगळी तपासावी लागतात. जपानच्या काही कर्जांना तिथल्याच मालाची अट असते. ‘स्टेप’ प्रकारच्या कर्जात किमान ३० टक्के खरेदी जपानी असावी लागते. जिथे अशी अट आहे तिथे व्याजात वाचलेला पैसा यंत्रसामग्रीच्या किमतीत गेला का, हे निविदांचे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

चलनाचा हिशेब

२०१० मध्ये डॉलर सरासरी ४६ रुपयांच्या आसपास होता आणि २०२४ मध्ये ८४ रुपयांच्या. चौदा वर्षांत रुपया वर्षाला सुमारे ४.४ टक्क्यांनी घसरला असा त्याचा अर्थ होतो. डॉलरचे ५ टक्के व्याज आणि ही घसरण एकत्र केली की रुपयातला खरा भार साडेनऊ टक्क्यांच्या घरात जातो, आणि तो वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या आपल्या देशातील संस्थांच्या दरापासून फार दूर नाही. तरीही परदेशी कर्जाचा एक खरा फायदा उरतो, तो म्हणजे लांब मुदत. उपकेंद्र आणि मनोरे पंचवीस-तीस वर्षे टिकतात, म्हणून त्यांचा खर्चही तितकाच लांब पसरला तर वीजदरावर एकदम ओझे येत नाही. मी परदेशी कर्जाच्या विरोधात नाही. फक्त त्याची किंमत रुपयात मांडल्याशिवाय त्याची बाजू कुणी घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

येनच्या बाबतीत हा खेळ अधिक तीव्र होतो. महाराष्ट्राच्या पारेषण व्यवस्थेसाठी २००७ मध्ये जपानकडून सुमारे १,६७५ कोटी येनचे कर्ज झाले. त्या वर्षी १०० येनला साधारण ३५ रुपये पडत होते, २०१२ मध्ये ६७ च्या आसपास पडू लागले, आणि २०२४ मध्ये पुन्हा ५५ च्या जवळ आले. पैसे कोणत्या वर्षी उचलले आणि कोणत्या वर्षी फेडले यावर त्याच कर्जाचा रुपयातला बोजा जवळजवळ दुप्पट किंवा बराच कमी होऊ शकतो. म्हणून कर्जाची रक्कम वहीत लिहिताना मंजुरीच्या दिवशीचा रुपयातला आकडा एकटा लिहू नये. मूळ चलनातला आकडा, त्या वर्षीचा दर आणि आजचा दर असे तीन रकाने करावेत.

मुदतीची लांबी नीट लक्षात यावी म्हणून मराठवाड्याचेच एक उदाहरण सांगतो, जरी ते विजेचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनासाठी आयडीएने १९९४ मध्ये सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या काळी भारतासाठी अशा कर्जाची मुदत ३५ वर्षांची असे आणि पहिली १० वर्षे मुद्दल द्यावे लागत नसे. मूळ वेळापत्रक धरले तर शेवटचा हप्ता २०२९ च्या सुमारास येतो. पुनर्वसित गावात जन्मलेल्या मुलांना आज स्वतःची मुले आहेत. आज मंजूर होणारे वीजजाळ्याचे कर्जही असेच, पुढच्या पिढीच्या वीजबिलात उतरणारे आहे.

फेडणारा कोण

राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार राज्य सरकार देशाच्या आतच कर्ज घेऊ शकते. त्यामुळे परदेशी कर्जावर सहसा केंद्र सरकारची सही असते आणि पैसा केंद्रामार्फत राज्याकडे येतो. १ एप्रिल २००५ पूर्वी केंद्र सर्वसाधारण राज्यांना हा पैसा ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान या रूपात देत असे आणि चलनाचा धोका स्वतः सोसत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर ही रीत बदलली. आता परदेशी संस्थेच्या ज्या अटी त्याच अटींवर पैसा राज्याला मिळतो, आणि रुपया घसरला तर त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. हा बदल सामान्य वाचकाच्या फारसा लक्षात आलेला नाही, पण वरचा सगळा चलनाचा हिशेब आपल्याला लागू होतो तो याच्यामुळे.

राज्याकडून पुढे हा पैसा महावितरण किंवा महापारेषणकडे भागभांडवल म्हणून जातो की कर्ज म्हणून, हे राज्याच्या शासन निर्णयात पाहावे. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन या स्वतंत्र कंपन्या झाल्या, त्यामुळे त्यांच्या हिशेबात आलेला प्रत्येक रुपया राज्य वीज नियामक आयोगापुढे वीजदर मागताना मांडला जातो. इथे ग्राहकाच्या हिताचे दोन नियम आहेत. पहिला असा, की ज्या भागासाठी अनुदान मिळाले त्या भागावर कंपनीला घसारा किंवा भांडवलावरचा परतावा ग्राहकांकडून वसूल करता येत नाही. हरित ऊर्जा मार्गिकेच्या, म्हणजे सौर-पवन वीज वाहून नेणाऱ्या पारेषण योजनेच्या, पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह आठ राज्ये होती आणि खर्चाची विभागणी ४० टक्के केंद्राचे अनुदान, ४० टक्के जर्मनीच्या केएफडब्ल्यू या संस्थेचे कर्ज आणि २० टक्के राज्याचा वाटा अशी होती; अशा कामाचा पूर्ण खर्च दरवाढीच्या प्रस्तावात दिसला तर त्यावर हरकत घ्यायलाच हवी. दुसरा नियम असा, की जी मालमत्ता प्रत्यक्ष वापरात आली तिचाच खर्च दरात धरला जातो, आणि कंपनीच्या चुकीमुळे काम लांबले असेल तर बांधकाम काळातील व्याजाचा काही भाग आयोग नाकारू शकतो. आयोगाच्या जाहीर सुनावणीत मराठवाड्यातून येणाऱ्या हरकतींचा भर बिलांच्या तक्रारींवर असतो. त्या महत्त्वाच्या आहेतच, पण भांडवली खर्चाच्या तक्त्यावर एक नेमकी हरकत घेतली तर तिचा परिणाम पुढची पंचवीस वर्षे राहतो.

कोणते कागद मिळवावेत

शोधाची सुरुवात प्रकल्प क्रमांकापासून करावी. जागतिक बँकेच्या प्रकल्पाला ‘पी’ अक्षरापुढे सहा आकडे असतात, आणि आशियाई विकास बँकेच्या प्रकल्पाला पाच आकडे, आडवी रेघ आणि पुन्हा तीन आकडे. बातमीत नाव इकडचे तिकडे झालेले असते, क्रमांक मात्र चुकत नाही. क्रमांक मिळाला की संस्थेच्या संकेतस्थळावरून मूल्यांकन अहवाल, कर्जाचा करार, पर्यावरण व सामाजिक परिणामांचे कागद आणि दर काही महिन्यांनी येणारे प्रगती अहवाल उतरवून घ्यावेत. हे कागद इंग्रजीत आणि लांबलचक असतात, पण सगळे वाचण्याची गरज नाही.

मूल्यांकन अहवालात सर्वात आधी शेवटची परिशिष्टे उघडावीत. कामांची जिल्हावार यादी, उपकेंद्रांची नावे, खर्चाचे तक्ते आणि ‘आज किती, शेवटी किती’ अशी उद्दिष्टांची सारणी तिथेच असते. प्रस्तावनेतली भाषा सर्व अहवालांत सारखीच असते, तिच्यावर वेळ घालवू नये. करारात व्याज, मुद्दलाच्या हप्त्यांचे वेळापत्रक आणि कर्ज बंद होण्याची तारीख या तीन गोष्टी शोधाव्यात. ही बंद होण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावी, कारण त्यानंतर न उचललेला पैसा रद्द होतो आणि तक्रारीची घड्याळेही तिच्यापासूनच चालू होतात.

प्रगती अहवालात मंजूर रक्कम आणि उचललेली रक्कम यांची तुलना करावी. मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर कमिटमेंट चार्ज लागतो. जागतिक बँकेच्या आयबीआरडी कर्जावर तो साधारणपणे ०.२५ टक्के आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जावर ०.१५ टक्के आहे. १०० कोटी रुपये पडून राहिले तर वर्षाला २५ किंवा १५ लाख. हा आकडा तसा लहान आहे. विलंबाचे खरे नुकसान त्याहून मोठे आणि डोळ्यांआड असते. मुद्दल न देण्याची पाच वर्षे कराराच्या तारखेपासून मोजली जातात, उपकेंद्र सुरू झाल्यापासून नाही. काम सहा वर्षे लांबले तर उपकेंद्रातून एकही युनिट जाण्याआधी मुद्दलाचा हप्ता सुरू झालेला असतो, आणि सवलतीतला सर्वात मौल्यवान भाग वाया गेलेला असतो. वर उल्लेखलेल्या इथिओपिया-केनिया वाहिनीला २०१२ मध्ये पैसा मंजूर झाला आणि तिच्यातून केनियाने वीज विकत घेणे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. आयडीएच्या दीर्घ मुदतीमुळे ते त्यांना झेपले. भारताला मिळणाऱ्या कर्जात इतकी उसंत नसते.

काही कर्जे निकालाधारित असतात. त्यांत सिमेंट-तारांच्या बिलांवर पैसे मिळत नाहीत. ठरलेले निकाल, उदाहरणार्थ इतक्या जोडण्या किंवा इतकी गळती कमी, तपासून सिद्ध झाले की हप्ता सुटतो. अशा प्रकल्पात निकाल तपासणारी त्रयस्थ संस्था कोणती आणि तिने आपल्या तालुक्यात कोणत्या जोडण्या तपासल्या हे विचारणे फार उपयोगी पडते, कारण कागदावरची जोडणी आणि शेतातली जोडणी यांची गाठ तिथेच पडते.

कागदावरून फीडरपर्यंत

आपल्या भागाशी सर्वात जवळचा संबंध असलेले एक उदाहरण घेऊ. आशियाई विकास बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील उच्चदाब वितरण प्रणालीसाठी ३४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. ही प्रणाली, जिला सगळे एचव्हीडीएस म्हणतात, शेतावर जाऊन ओळखता येते, म्हणून देखरेख शिकण्यासाठी ती उत्तम आहे. जुन्या पद्धतीत ६३ किंवा १०० केव्हीएच्या एका डीपीवरून, म्हणजे मोठ्या रोहित्रावरून, लघुदाबाच्या उघड्या तारा दूरवर जातात आणि त्यांच्यावर पंधरा-वीस पंप चालतात. एचव्हीडीएसमध्ये ११ केव्हीची वाहिनीच पंपाजवळ नेतात आणि तिथे १०, १६ किंवा २५ केव्हीएचे छोटे रोहित्र एक-दोन शेतकऱ्यांसाठी बसवतात.

यामागचे शास्त्र साधे आहे. तेवढीच वीज ४१५ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली तर तारेतला प्रवाह सव्वीसपटीहून जास्त कमी होतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती त्याच तारेत सुमारे सातशेपटीने घटते. टोकाच्या पंपाला दाब पुरेसा मिळतो, मोटारी जळत नाहीत, आणि उच्चदाब तारेवर आकडा टाकणे शक्य नसल्यामुळे चोरीही थांबते. याची एक उणी बाजूही आहे : रोहित्र चालू असेपर्यंत त्याच्या लोखंडी गाभ्यात थोडी गळती सतत होत असते, आणि एका मोठ्याऐवजी दहा छोटी रोहित्रे बसवली की ती एकूण वाढते. शिवाय दोन पंपांच्या रोहित्रावर कालांतराने चार पंप जोडले गेले तर ते रब्बीच्या ऐन पाण्याच्या पाळीत जळते आणि सगळा फायदा पुसला जातो. म्हणून तपासताना केवळ रोहित्र बसले का हे पाहून थांबू नये. त्याच्या पाटीवरची क्षमता, त्यावर नोंदलेल्या पंपांची अश्वशक्ती आणि प्रत्यक्ष चालणारे पंप या तिन्हींची नोंद करावी.

त्याच्या वरच्या पायरीवर ३३/११ केव्हीचे उपकेंद्र येते. तिथे दर तासाच्या भाराची नोंदवही असते. डिसेंबर-जानेवारीतील नोंदी काम होण्याआधीच्या आणि नंतरच्या घेऊन मांडल्या, तर वाढवलेली क्षमता खरोखर वापरात आहे की उपकेंद्र अजून जुन्याच मर्यादेत चालले आहे हे दिसते. कधीकधी उपकेंद्राची क्षमता दुप्पट होते, पण त्याला वीज देणारी १३२ केव्हीची बाजू जुनीच राहते आणि भारनियमन तसेच चालू राहते. अशा वेळी दोष वितरणाचा नसून पारेषणाचा असतो, म्हणजे प्रश्न महावितरणऐवजी महापारेषणला विचारायचा असतो. अनेक निवेदने याच कारणाने चुकीच्या दारात पडून राहतात.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे कामी येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. शब्द कमी असल्याने प्रश्न नेमका हवा. ‘परदेशी कर्जातून काय कामे झाली’ असे विचारले तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. माझ्या पहिल्या अर्जाला एका कार्यालयाने हेच कळवले होते. दुसऱ्या अर्जात मी उपकेंद्राचे नाव, प्रकल्प क्रमांक, कार्यादेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि निधीचे लेखाशीर्ष एवढेच मागितले, आणि पाच पानांचे उत्तर मुदतीत आले. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, तो फार कमी लोक वापरतात. तारेची जाडी, खांबाचा पाया आणि रोहित्राची अर्थिंग यांची पाहणी मागावी, आणि सोबत वीज क्षेत्राची जाण असलेला माणूस न्यावा.

आपल्या गावाचे नाव यादीत नसेल तर ते का नाही, हेही विचारता येते. विभागीय अनुशेष मोजताना दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात ग्रामीण विद्युतीकरण हा एक निकष धरला होता. तेव्हापासून मराठवाड्याला अनुशेषाची भाषा चांगली येते. कर्जाच्या यादीला तीच भाषा लावावी. आठही जिल्ह्यांत किती उपकेंद्रे धरली, राज्याच्या एकूण कामांत त्यांचा वाटा किती, आणि प्रलंबित कृषिपंप जोडण्यांत आपला वाटा किती, असे आकडे शेजारी ठेवले की मागणीला वजन येते.

मनोरा शेतात येतो तेव्हा

वरच्या दाबाच्या वाहिन्या शेतांवरूनच जातात. परळी, गिरवली आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातून जाणाऱ्या ४०० आणि ७६५ केव्हीच्या वाहिन्यांमुळे आपल्याकडील अनेकांना याचा अनुभव आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ मुळे कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार मिळतात. जमीन संपादित न करता मनोरा उभारता येतो, पण भरपाई द्यावी लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के होते. जून २०२४ च्या सूचनांत हे अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाले. आपल्या वाहिनीला कोणता दर लागू आहे हे राज्याच्या शासन निर्णयावरून आणि कामाच्या तारखेवरून ठरवून घ्यावे. पिकाची आणि झाडांची भरपाई याहून वेगळी असते. पंचनाम्यावर सही करताना मोसंबीची झाडे, विहीर, ठिबकचे पाइप यांची संख्या लिहिलेली आहे याची खात्री करावी, आणि सहीआधी मोबाइलवर तारखेसह छायाचित्रे काढावीत. रक्कम मान्य नसेल तर तार कायद्याच्या कलम १६(३) नुसार जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

काम परदेशी कर्जातून होत असेल तर शेतकऱ्याच्या हाती आणखी एक कागद असतो. जागतिक बँकेची पर्यावरण व सामाजिक चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे आणि आशियाई विकास बँकेचे संरक्षण धोरण २००९ चे आहे. आशियाई विकास बँकेच्या नव्या चौकटीला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. जमिनीचे किंवा उपजीविकेचे नुकसान आधी भरून मग कामाला हात घालावा, हे या धोरणांचे सूत्र आहे. कोणते धोरण आपल्या प्रकल्पाला लागू होते हे कर्जाच्या करारात लिहिलेले असते.

तक्रार कुठे आणि केव्हा

प्रत्येक प्रकल्पात तक्रार निवारणाची स्थानिक व्यवस्था ठरवलेली असते. पहिली तक्रार तिथे लेखी करावी आणि पोच घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तीच विचारली जाते. तिथे न्याय मिळाला नाही तर बँकेच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना कळवावे, आणि त्यानंतरच स्वतंत्र यंत्रणेकडे जावे. जागतिक बँकेचे निरीक्षण पॅनेल १९९३ मध्ये स्थापन झाले, ते मुख्यतः नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाच्या वादामुळे. नंदुरबारच्या डोंगरातल्या आदिवासींनी आणि त्यांच्या साथीदारांनी दिलेल्या लढ्याचा या यंत्रणेच्या जन्मात वाटा आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये. पॅनेलकडे दोन किंवा अधिक बाधित व्यक्तींना मिळून तक्रार करता येते आणि ती कोणत्याही भाषेत चालते, म्हणजे मराठीतही. आशियाई विकास बँकेच्या उत्तरदायित्व यंत्रणेकडेही दोन किंवा अधिक व्यक्तींनी जायचे असते. तिथे तोडगा काढणे आणि धोरणभंगाची चौकशी असे दोन वेगळे मार्ग आहेत. भरपाई हवी असेल तर पहिला मार्ग आणि पुढच्या गावांत तीच चूक होऊ नये असे वाटत असेल तर दुसरा मार्ग अधिक उपयोगी पडतो.

तक्रारीत कुणावर आरोप करण्यापेक्षा घटना तारीखवार लिहाव्यात : कोणत्या दिवशी तारा ओढल्या, पंचनामा कधी झाला, कोणती रक्कम कधी मिळाली, लेखी निवेदन कधी दिले आणि उत्तर काय आले. सोबत सातबारा, पंचनाम्याची प्रत आणि छायाचित्रे जोडावीत. ओळख गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, आणि गावात दबाव असेल तर ती जरूर करावी. जागतिक बँकेच्या बाबतीत कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंत आणि आशियाई विकास बँकेच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंतच तक्रार घेतली जाते. कर्जाची मुदत वाढवली गेली तर ही तारीखही पुढे सरकते, म्हणून दर सहा महिन्यांनी ताजा प्रगती अहवाल उतरवून वहीच्या पहिल्या पानावरची तारीख दुरुस्त करावी.